हाक आणि हिशेब

दूरच्या प्रवासात जिवावर बेतलेलं संकट टळलं, माणूस घरी आला, चहा झाला, की गोष्ट सांगता सांगता शेवटी तो तीनपैकी एक वाक्य बोलतो. देव तारी त्याला कोण मारी. किंवा, वाडवडिलांची पुण्याई. किंवा, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. ऐकणारे मान डोलावतात आणि विषय बदलतो. ही वाक्यं आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की ती तीन वेगवेगळी दर्शनं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही, हे ध्यानातही येत नाही. पहिल्या वाक्यात कोणीतरी वरून हात घातला आहे. दुसऱ्यात हात कोणी घातलेला नाही. घराण्याच्या खात्यावर शिल्लक होती, ती खर्ची पडली. तिसऱ्यात हातही नाही आणि खातंही नाही. मृत्यू दारापर्यंत आला आणि आल्या पावली परत गेला, एवढंच. पहिली दोन वाक्यं वाचलेल्या माणसाविषयी काहीतरी सांगतात: तो कोणाचा तरी लाडका आहे, किंवा चांगल्या घरचा आहे. तिसरं त्याच्याविषयी काहीच सांगत नाही. वरवर पाहता तेच सगळ्यांत भाबडं आणि दैववादी. पण वाचल्यामुळे वाचलेल्याला स्वतःविषयी किंवा देवाविषयी नेमकं काय कळतं, हा प्रश्न लावून धरला तर मला ते तिन्हींत सभ्य वाटू लागतं.

छत्रपती संभाजीनगरात या प्रश्नाला एक तारीख आहे. २६ एप्रिल १९९३ च्या दुपारी दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ मुंबईला जायला चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून निघालं. उठता उठताच धावपट्टीच्या टोकाबाहेरच्या रस्त्यावरून चाललेल्या ट्रकला ते धडकलं. ट्रकमध्ये दाबलेल्या कापसाच्या गाठी होत्या. विमान कसंबसं थोडं पुढे गेलं, विजेच्या तारांना लागलं आणि कोसळलं. आत ११८ जण होते. ५५ गेले, ६३ वाचले. त्या रात्री ६३ घरांमधून ती तीन वाक्यं बोलली गेली असतील, आणि बोलणाऱ्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही. पण 'पुण्याई' हा शब्द उच्चारला की तो आपल्या घरापुरता राहत नाही. शेजारच्या आसनावरच्या माणसाची पुण्याई कमी पडली, हे न बोलता बोलून झालेलं असतं. चौकशीत जी कारणं पुढे आली ती अशी: वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि ते चुकीच्या रीतीनं उचललं, शिवाय उड्डाणाच्या वेळी टोकाबाहेरच्या त्या बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवली गेली नव्हती. ही कारणं ११८ जणांना सारखीच लागू होती. आत कोण बसलं आहे हे कापसाच्या गाठींना ठाऊक नव्हतं, आणि कोणती आसनं कुठे मोडून पडतील हे ठरवताना कोणाचं खातं उघडून पाहिलं गेलं असं मानायला काही आधार नाही.

याच शहरात, विद्यापीठामागच्या डोंगरात, या प्रश्नाकडे पाहण्याची दुसरी रीत दगडात कोरून ठेवलेली आहे. औरंगाबाद लेण्यांतलं सातवं लेणं सहाव्या-सातव्या शतकातलं. पर्यटक सहसा गाभाऱ्यातली नर्तकी आणि तिच्या भोवतीच्या वादक स्त्रिया पाहायला घाईनं आत जातात, आणि दाराशेजारचा मोठा शिल्पपट जाता जाता नजरेखालून घालतात. त्याच्या मध्यभागी अवलोकितेश्वर उभा आहे, करुणेचा बोधिसत्त्व. आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार अशी आठ छोटी दृश्यं आहेत. आग लागली आहे. तलवार उपसून कोणी अंगावर आला आहे. कोणाच्या पायांत बेड्या आहेत. नाव बुडते आहे. सिंह, नाग, पिसाळलेला हत्ती. आणि शेवटी आईच्या मांडीवरचं मूल न्यायला आलेला मृत्यू. अष्टमहाभय म्हणतात ते हे. ही यादी कोणा कवीनं घरात बसून केलेली वाटत नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या टिपणात, 'पेरिप्लस'मध्ये, भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलं आहे, आणि पैठणचा माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदरावर येतो असंही. त्या वीस दिवसांत आणि पुढे समुद्रात माणसाला काय काय भेटू शकतं, याची ही यादी आहे. आजच्या प्रवासविम्याच्या कागदावरही यातल्या बऱ्याच बाबी सापडतील. सिंह आणि हत्ती तेवढे गळाले.

या शिल्पाविषयी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आठही दृश्यं संकटाच्या ऐन मध्यावरची आहेत. किनाऱ्याला लागलेली नाव त्यात नाही, घरी पोचलेला व्यापारी नाही, नवस फेडायला आलेलं कुटुंब नाही. माणसं हात जोडून मधल्या मूर्तीकडे वळली आहेत, आणि शिल्पकारानं छिन्नी तिथेच थांबवली आहे. पुढे कोण वाचलं ते तो सांगत नाही. ज्या ग्रंथातून ही कल्पना आली त्या सद्धर्मपुंडरीकसूत्रातलं अवलोकितेश्वराचं प्रकरण याबाबतीत आणखी रोखठोक आहे. रत्नं शोधायला निघालेल्यांची नाव वादळानं राक्षसींच्या बेटाकडे ओढली गेली आणि नावेतल्या एकानं जरी त्याचं नाव घेतलं, तरी नावेतले सगळे सुटतात, असं ते सांगतं. बेड्यांत पडलेल्याविषयी तर ते म्हणतं की तो अपराधी असो वा निरपराध, हाक मारली की बेड्या तुटतात. आश्वासन म्हणून हे मला खरं मानता येत नाही. हाका मारत बुडालेल्यांची गणती कोणी केलेली नाही. पण आश्वासनाची घडण पाहण्यासारखी आहे. हाक एकाची आणि सुटका सगळ्यांची. अपराध विचारायचाच नाही. म्हणजे ज्या परंपरेनं संकटात हाक मारायला शिकवलं, तिनंच त्या हाकेला पात्रतेच्या हिशेबापासून मुद्दाम दूर ठेवलं. हाक आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला म्हणायचं आहे. पहिली निर्दोष आहे. दुसऱ्याची सुरुवात घरी पोचल्यावर होते, आणि त्यात कोणावर तरी अन्याय झाल्याशिवाय राहत नाही.

हिशेबावरचा एक जुना आणि धारदार आक्षेप मेलोस बेटाच्या डायागोरसच्या नावावर आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हा ग्रीक माणूस नास्तिक म्हणून बदनाम होता. रोमन लेखक सिसेरो त्याच्या दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगतो. एका मित्रानं त्याला देवळात टांगलेल्या तसबिरी दाखवल्या, वादळातून वाचलेल्यांनी नवस फेडताना वाहिलेल्या, आणि विचारलं, की एवढे वाचले तरी देव लक्ष घालत नाही असं म्हणतोस? डायागोरस म्हणाला, बुडाले त्यांच्या तसबिरी कुठेच लावलेल्या नसतात. आपल्याकडेही अशा तसबिरींची वाण नाही. देवगडजवळचं कुणकेश्वराचं देऊळ वादळातून वाचलेल्या एका अरब व्यापाऱ्यानं नवसापोटी बांधलं, अशी दंतकथा किनाऱ्यावर सांगतात. आणि तिचा शेवट असा, की आता आपले लोक आपल्याला घेणार नाहीत म्हणून त्यानं देवळावरूनच उडी टाकली. समुद्रातून वाचलेला माणूस हिशेब चुकता करताना गेला. दंतकथा रचणाऱ्यांना काय सुचवायचं होतं कोण जाणे, पण रचली मोठी खोल. सिसेरोची दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि माझ्या मुद्द्याला तीच जास्त जवळची आहे. एकदा डायागोरस जहाजात असताना तुफान झालं. घाबरलेले सहप्रवासी म्हणू लागले, या नास्तिकाला बरोबर घेतलं म्हणूनच आपल्यावर ही वेळ आली. त्यानं त्याच वाटेवर हेलकावे खाणारी बाकीची जहाजं दाखवली आणि विचारलं, त्यांतही एक-एक डायागोरस बसला आहे का?

हाच प्रसंग, जवळजवळ जसाच्या तसा, एका अत्यंत श्रद्धाळू चिनी बौद्ध भिक्षूवर आला होता. फाहियान इ.स. ३९९ मध्ये विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचे, ग्रंथ शोधायला चांगआनहून निघाला. बर्फाच्या डोंगरात हुइजिंग हा त्याचा सोबती त्याच्या डोळ्यांदेखत गेला. दुसरा, दाओझेंग, हिंदुस्थानातच राहिला. दख्खनचे रस्ते कठीण आहेत, तिकडे जायचं तर राजाला पैसे देऊन वाटाड्यांची सोबत घ्यावी लागते, असं फाहियाननं ऐकीव लिहून ठेवलं आणि तो इकडे आला नाही. सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, एका बुद्धमूर्तीपुढे व्यापाऱ्यानं वाहिलेला पांढरा रेशमी चिनी पंखा पाहून त्याला रडू कोसळलं. तिथून तो दोनशेहून अधिक माणसांच्या जहाजात चढला. वादळात जहाजाला भोक पडलं. व्यापारी मागच्या लहान नावेत उतरायला धावले, तर नावेतल्यांनी, जास्त माणसं येतील या भीतीनं, दोरच कापला. मग जड माल समुद्रात जाऊ लागला. फाहियाननं आपलं पाण्याचं भांडं आणि हात धुवायचं तस्त स्वतःच्या हातानं टाकून दिलं. व्यापारी आपले ग्रंथ आणि मूर्ती टाकतील एवढीच त्याला धास्ती होती, आणि तो अवलोकितेश्वराचं नाव घेत राहिला. तेरा दिवसांनी एक बेट लागलं आणि भोक बुजवलं गेलं. पुढे जावा-सुमात्राकडून निघालेल्या दुसऱ्या जहाजातही वादळ गाठलं. फाहियान पुन्हा तेच नाव घेत होता, आणि त्याच जहाजातले काही ब्राह्मण सकाळ होताच आपसात ठरवत होते, की या भिक्षूमुळेच हे संकट आलं. एकासाठी सगळ्यांनी का मरायचं, याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावं.

एक नास्तिक आणि एक भिक्षू, मध्ये आठशे-साडेआठशे वर्षं, आणि दोघांवर आरोप एकच. संकटाला नैतिक कारण असतं असं एकदा मानलं की कोणाला तरी ते कारण व्हावंच लागतं, आणि तो बहुधा जहाजातला परका असतो. त्या ब्राह्मणांना दुष्ट म्हणून भागणार नाही. 'देवाला माझी काळजी, म्हणून मी वाचलो' असं म्हणणाऱ्याचं आणि त्यांचं तर्कशास्त्र एकच आहे. ते फक्त त्याच्या उलट टोकाला उभे राहून बोलत होते. वाचायला पात्रता लागत असेल, तर बुडायलाही अपात्रता लागते. नाण्याची एक बाजू खिशात ठेवून दुसरी फेकून देता येत नाही.

इथे कर्मवादी माणूस हरकत घेईल. तो म्हणेल, कृपेत पक्षपात आहे हे मान्य, पण कर्मात नाही. ज्याचं त्याला मिळतं, ५५ जणांना आणि ६३ जणांना आपापलंच मिळालं, त्यात देवाचा लाडका-दोडका कोणी नाही. हरकत वजनदार आहे, आणि तिला उत्तर द्यायला युरोपातून कोणी आणायची गरज नाही. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला हेच विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं काय म्हणणं? बुद्ध कारणं मोजून दाखवतो. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूंचा फेरबदल, स्वतःची हेळसांड, दुसऱ्याचा हल्ला, आणि आठवं कर्माचा विपाक. सगळं कर्मामुळेच म्हणणारे आपल्या स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला माहीत असलेल्या गोष्टींच्याही पुढे धावतात, असा त्याचा शेरा आहे. कर्मसिद्धान्त ज्यानं शिकवला त्यानंच त्याला आठांतली एक जागा दिली, आणि वात, ऋतू, हेळसांड यांच्या जागा त्यांच्या त्यांच्याकडे ठेवल्या. धावपट्टीच्या टोकाला रस्त्यावरची वाहतूक न थांबवणं सातवं कारण नाही आणि आठवंही नाही; ते सहाव्याच्या जवळचं आहे. 'पुण्याई' म्हणून त्याच्यावर पांघरूण घातलं तर पुढच्या विमानासाठी रस्ता कोण बंद करणार?

दुसरी हरकत मनाची आहे आणि मला ती जास्त अडचणीत टाकते. माणूस नुकताच मरणाच्या दारातून आला आहे, अजून हातपाय कापताहेत, आणि तुम्ही त्याला तर्कशास्त्र शिकवता? त्याची कृतज्ञता तरी त्याच्याकडे राहू द्या. तर ती काढून घ्यायची नाहीच. फक्त कृतज्ञतेला कारणमीमांसा चिकटवायची गरज नसते. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थी परतले, त्यांत महाराष्ट्रातलीही बरीच मुलं होती. सरकारनं मोहिमेला नाव दिलं ऑपरेशन गंगा. थंडीत मैलोन् मैल चालून ती पोलंड, रुमानिया, हंगेरीच्या सीमांवर पोचली होती. त्याच दिवसांत, १ मार्चला, खारकीवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला असताना तोफेच्या माऱ्यात गेला. विमानतळावर मुलाला कवटाळून 'पांडुरंगानं आणलं रे बाबा' म्हणणाऱ्या आईनं त्या दुसऱ्या आईचा काही अपमान केला असं मला वाटत नाही. तिचं वाक्य हुंदका आहे, विधान नाही. अडचण येते ती महिन्याभरानं, जेव्हा तेच वाक्य सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या पाहुण्यांपुढे शांतपणे, पुरावा म्हणून मांडलं जातं. शब्द तेच असतात, पण आता ते हाकेच्या कामाचे राहिलेले नसतात.

मग संशयवादी विचारेल, की हिशेब खोटा तर हाकही खोटीच नाही का? बुडताना नाव घेतल्यानं भोक बुजत नाही. बरोबर. पण ठेच लागली की साठी उलटलेला माणूसही 'आई गं' म्हणतो, आई जाऊन वीस वर्षं झाली असली तरी. आई येईल अशी त्याची समजूत नसते, आणि आली नाही म्हणून त्याचं म्हणणं खोटंही ठरत नाही. भाषेचा एक थर माहितीच्या खाली असतो, तिथून ते येतं. सातव्या लेण्यातली जोडलेल्या हातांची माणसं त्या थरावरची आहेत. डायागोरसचा टोमणा तसबिरींना लागतो. या शिल्पाला लागत नाही, कारण कोण बुडालं आणि कोण तरलं हे त्यात कोरलेलंच नाही. आठ भयांपुढे सगळे एका रांगेत आहेत, अपराधी आणि निरपराध, आणि बहुधा वाचणारे आणि न वाचणारेही.

हिशेब म्हणजे मागे वळून पाहणं, आणि त्याबद्दल अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एक मोठं चित्र आहे, सिंहल अवदानाचं. सिंहल आणि त्याच्याबरोबरचे पाचशे व्यापारी जहाज फुटून एका बेटावर पडतात. तिथल्या सुंदर बायका प्रत्यक्षात राक्षसी असतात. सुटकेसाठी एक उडता घोडा येतो, आणि कारंडव्यूहसूत्रात तर हा घोडा म्हणजे अवलोकितेश्वरच. अट एकच, मागे पाहायचं नाही. बाकीचे पाहतात आणि पडतात, सिंहल तेवढा घरी पोचतो. पहिल्या वाचनात ही कथा माझ्या विरुद्ध जाते: एकच वाचला, कारण तोच लायक होता. पण कथा तिथे थांबत नाही, आणि चित्रकारानंही पुढचं सगळं रंगवलं आहे. राक्षसी पोर कडेवर घेऊन त्याच्या मागोमाग येते, राजाला भुलवते, एका रात्रीत राजवाडा फस्त होतो, आणि सिंहलाला राजा होऊन सैन्यासह पुन्हा त्याच बेटावर जावं लागतं. वाचलेल्याच्या पाठीवर बसून बेट घरापर्यंत आलं. भिंतीवरच्या त्या गर्दीत 'मी लायक होतो' असं म्हणत निवांत बसायला सिंहलाला कुठेच जागा सापडत नाही.

फाहियानला त्या दुसऱ्या जहाजातून बेटावर उतरवलं गेलं नाही. त्याला आश्रय देणारा एक व्यापारी उठला आणि म्हणाला, याला उतरवायचं तर मलाही उतरवा, नाहीतर मारून टाका. आणि तुम्ही याला टाकलंत तर चीनमध्ये पोचल्यावर मी राजाला सगळं सांगेन, राजा भिक्षूंना मानतो. ब्राह्मण गप्प झाले. त्या व्यापाऱ्याचं नाव प्रवासवर्णनात नाही. अन्न-पाणी संपत आलेलं ते जहाज पुढे भलत्याच किनाऱ्याला लागलं. आपण कुठे आहोत हे कोणालाच कळेना. जमिनीवर उगवलेली ओळखीची रानभाजी पाहून फाहियाननं ओळखलं, की हा आपलाच मुलूख. पुढे त्याला प्रवासाविषयी विचारलं गेलं तेव्हा, आपण पार केलेल्या जागा आठवल्या की अजून काळीज हलतं आणि घाम फुटतो, एवढं त्यानं कबूल केलं.